इलेक्ट्रॉनिक त्वचेतली वीज नेमकी कुठे जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३२ × ३२ बिंदूंची, दाब ओळखणारी लवचीक पट्टी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक त्वचा, तयार आहे. तिच्यासाठी रीडआउट चिप (बिंदू वाचणारी) तुम्ही स्वतः डिझाइन केलीत आणि बरीच घासाघीस करून एडीसीचा, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागाचा, खर्च १ मायक्रोवॅटवर आणलात. तरी सगळं जोडून हातावर बांधलं की बटण-सेल दोन दिवसही पुरत नाही. मग आता एडीसी आणखी अर्ध्यावर आणायचा, की अख्खी चिपच सबथ्रेशोल्डमध्ये न्यायची, म्हणजे ट्रान्झिस्टर नीट चालू होतो त्या थ्रेशोल्ड व्होल्टेजच्याही खाली चालवायची?

दोन्ही नको. निदान आधी तरी नको. दुखणं एका जागी आहे आणि तुम्ही मलम दुसरीकडे लावताय.

हिशेब मांडून बघू. १०२४ बिंदू, सेकंदाला १०० वेळा, दर वेळी १० बिट. म्हणजे सेकंदाला १०,२४,००० बिट. हे सगळे तुम्ही ब्लूटूथ लो एनर्जीवरून फोनकडे पाठवताय. इतका डेटा बाहेर काढायचा तर रेडिओला डुलकी काढायलाही सवड मिळत नाही, तो जवळजवळ सतत चालू राहतो. ३ व्होल्टवर ५ मिलिअँपिअर धरले तरी १५ मिलिवॅट झाले. सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असतात. भागाकार केला की ४५ तास येतात, तेही कागदावर. इतका करंट सतत ओढला की हा सेल त्याआधीच मान टाकतो.

आता तुमचा १ मायक्रोवॅट या १५ मिलिवॅटशेजारी ठेवा. पंधरा हजारावा हिस्सा. तो अर्धा केलात तर ४५ तासांमध्ये पाच-सहा सेकंदांची भर पडेल.

हे टोमणा म्हणून लिहीत नाही. माझ्या पहिल्या चिपवर मीही हेच केलं होतं. एडीसीचा गुणांक (कामाच्या मानाने खर्च किती, तो आकडा) चांगला आला की शोधनिबंधाला तक्ता मिळतो, त्यात आपलं नाव वरच्या ओळीत बसतं. तारा भरण्यात आणि चिप झोपलेली असताना किती गेलं, याचा तक्ता फारसं कोणी मागत नाही, म्हणून तो आपण करतही नाही.

उत्तर कशावर अवलंबून आहे, ते आधी सांगते, कारण तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: ही त्वचा कशासाठी आहे? रोबोटच्या बोटांवर असेल तर वस्तू निसटायला लागल्याचं काही मिलिसेकंदांत कळलं पाहिजे. तिथे वीज मागून तारेने येते, त्यामुळे खरी अडचण तारांची संख्या आणि वेळ ही असते. कृत्रिम हातावर असेल तर बॅटरी मोटरसाठी असतेच. तिच्या तुलनेत तुमची चिप नगण्य, पण उष्णता आणि जागा यांचा प्रश्न येतो. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवर दाबाने जखम होऊ नये म्हणून लावायची पट्टी असेल तर मिनिटाला एक वाचन पुष्कळ झालं. सेकंदाला १०० ऐवजी मिनिटाला १ म्हणजे सहा हजार पट कमी काम, आणि त्यासाठी एकही ट्रान्झिस्टर बदलावा लागत नाही. तुम्ही हातावर बांधता म्हणता, त्यामुळे माणसाच्या अंगावरची, सेलवर चालणारी पट्टी असं धरून पुढचं लिहिते.

आपल्या स्वतःच्या कातडीचं उदाहरण या क्षेत्रात इतकं वापरलं जातं की गुळगुळीत झालंय, पण इथे ते खरंच उपयोगी आहे. एका तळहातात स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू असतात, असा अंदाज योहान्सन आणि वॉल्बो यांनी १९७९ मध्ये मांडला. ते सगळे एकाच पद्धतीचे नाहीत. मर्केल पेशींशी जोडलेले तंतू दाब असेपर्यंत बोलत राहतात. माइसनर आणि पॅसिनियन नावाच्या टोकांचे तंतू मात्र मुख्यतः बदल झाला तर बोलतात, एरवी गप्प. पॅसिनियन तर दोन-तीनशे हर्ट्‌झच्या थरथरीला सगळ्यात जास्त जागे असतात. म्हणजे सगळ्या बिंदूंना एकाच वेगाने, एकाच बारकाईने, सतत विचारत बसण्याची पद्धत शरीरात नाही. ती आपण कॅमेऱ्याकडून उचलली. पट्टीला आपण चौकटींचा चित्रपट समजतो आणि मग रिकाम्या चौकटी पाठवत बसतो.

आता चिपकडे. रेडिओ बाजूला ठेवला तर पुढचा मोठा खर्च तारांचा निघतो, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटतं. एक बिंदू १ चौरस मिलिमीटरचा, मधला रबरी थर १० मायक्रॉनचा, त्याचा परावैद्युत स्थिरांक ३ धरा. कपॅसिटन्स (वीजभार साठवण्याची क्षमता, दाबाने बदलते ती हीच) येतो सुमारे २.७ पिकोफॅरड. त्या बिंदूपासून चिपपर्यंत जाणारी २० सेंटिमीटरची तार मात्र स्वतःच २० पिकोफॅरडच्या आसपास असते. म्हणजे तुम्ही सेन्सर नाही, तार मोजताय, आणि सेन्सर तिच्या टोकाला लटकलेला आहे. हलक्या स्पर्शाने बिंदूत १ टक्का बदल झाला तर तो २७ फेम्टोफॅरड. तो शोधायचा वीस पिकोफॅरडच्या ढिगाऱ्यात.

आणि दर मोजणीला ती तार भरायची, रिकामी करायची. ३.३ व्होल्टवर एका वेळेला सुमारे २१८ पिकोज्यूल लागतात. सेकंदाला १,०२,४०० मोजण्या धरल्या तर २२ मायक्रोवॅट, म्हणजे तुमच्या एडीसीच्या बावीस पट. हीच तार १.२ व्होल्टवर चालवली तर २९ पिकोज्यूल, एकूण ३ मायक्रोवॅट. खर्च व्होल्टेजच्या वर्गावर जातो, म्हणून हे सोपं कलम सगळ्यात आधी कापा. तुमच्या आकृतीत स्कॅन ड्रायव्हर (बिंदूंच्या तारा पाळीपाळीने भरणारा भाग) ३.३ व्होल्टवर दिसतो. बहुतेक रेडिओ मॉड्यूलचा सप्लाय आयता होता म्हणून तो वापरला असणार. ओळखीची सवय आहे ती.

तार लहान करायचा दुसरा उपाय म्हणजे एका मोठ्या चिपऐवजी छोट्या चिपा बिंदूंजवळ बसवणं, एकेकीकडे सोळा-सोळा बिंदू. विद्युत हिशेबात हे सुंदर दिसतं. यांत्रिक हिशेबात तितकं नाही. सिलिकॉन ५० मायक्रॉनखाली घासलं की वाकतं, पण वाकलं की ट्रान्झिस्टरचा करंटही थोडा सरकतो, आणि ती सरकलेली किंमत तुमची पट्टी स्पर्श समजते. चिप जाड ठेवली तर ती मऊ पट्टीवरचं कडक बेट होते, आणि तारा तुटतात त्या नेमक्या त्या बेटाच्या काठावर. माझ्याकडच्या तुटलेल्या पट्ट्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या तर भेग तारेच्या मधोमध क्वचितच सापडते. चिपच्या कडेपासून केसभर अंतरावर ती असते, जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं. तिथे मधल्या कडकपणाचा थर द्या, तार सरळ न नेता नागमोडी न्या. किती चिपा कराव्यात याचं एकच उत्तर नाही. मनगटावरच्या पट्टीसाठी मी चारच्या पुढे जात नाही.

आता मूळ मुद्दा: गप्प राहायचं कसं.

सगळ्यात साधी युक्ती गठ्ठ्याने विचारण्याची. १०२४ बिंदू सोळा-सोळाच्या ६४ गठ्ठ्यांत एकत्र जोडा आणि सेकंदाला १० वेळा एवढंच विचारा: इथे काही हललं का? १,०२,४०० ऐवजी ६४० मोजण्या. एखादा गठ्ठा हलला तरच तो उलगडून बिंदूबिंदू वाचा. किंमत एवढीच की एका बिंदूवरचा बारीक स्पर्श गठ्ठ्यात सोळा पट पातळ होतो, म्हणून अगदी हलका स्पर्श सुटू शकतो. बोटाच्या पेराने दाबणं ओळखायचं असेल तर चालतं. मुंगी चालल्याचं ओळखायचं असेल तर नाही.

दुसरी पायरी म्हणजे बदल झाला तरच पाठवणं. प्रत्येक बिंदूची शेवटची पाठवलेली किंमत लक्षात ठेवायची, आणि ठरावीक फरकापेक्षा जास्त सरकली तर पत्ता आणि नवी किंमत पाठवायची. पत्ता पाठवण्याची ही कल्पना जुनी आहे, कॅल्टेकमध्ये कार्व्हर मीड यांच्या गटातून आलेली. त्वचेसाठी तिची वेगवेगळी रूपं निघाली. स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने २०१५ मध्ये दाबाचं रूपांतर थेट स्पंदांच्या वारंवारतेत करणारं सेंद्रिय सर्किट दाखवलं. २०१९ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात बेंजामिन टी यांच्या गटाने अशी रचना मांडली की प्रत्येक सेन्सर आपली ओळख सांगणारी स्पंदमालिका एकाच सामायिक वाहकावर सोडतो, रांगेत थांबत नाही. रोबोटच्या बोटांसाठी मला ही दुसरी कल्पना फार पटते. तुमच्या पट्टीला तिची गरज नाही, कारण तुम्हाला मिलिसेकंद नको आहेत.

तुमच्यासाठी घटना साठवून एकत्र पाठवणं पुरेल. ब्लूटूथ रेडिओ एकदा जागा होऊन छोटं पॅकेट टाकून पुन्हा झोपला की दहा-वीस मायक्रोज्यूल जातात. पॅकेटमध्ये एक घटना असो की दहा, फरक किरकोळ, खर्च उठण्या-झोपण्याचा आहे. म्हणून घटना आली की लगेच उठवू नका. सेकंदाला १० वेळा उठवला तर १५ मायक्रोज्यूल धरून १५० मायक्रोवॅट झाले. बाकी सगळ्याला २० द्या. एकूण १७०. त्याच सेलवर आता दोन दिवसांऐवजी पाच महिने निघतात. एडीसीला हातही न लावता. काहीच घडत नसताना उठूच दिलं नाहीत तर त्याहून जास्त, पण मग जोडणी टिकवण्यासाठी रेडिओ किती वेळाने डोकं वर काढतो ते सेटिंग तपासा.

इथे मी तोंडावर आपटले आहे, ते सांगते. बदल झाला तरच बोलणारी आमची पहिली पट्टी टेबलावर दिवसभर गुणी मुलासारखी गप्प होती. एका सहकाऱ्याच्या हाताला बांधली आणि त्याला जिने चढायला लावलं. पाच-सात मिनिटांत सगळ्या पट्टीने एकदम कलकलाट सुरू केला. घाम. घामाने कपॅसिटन्स हळूहळू वर सरकत होता, प्रत्येक बिंदू आपापली मर्यादा ओलांडून "स्पर्श झाला" म्हणत होता, आणि सेकंदाला हजारोंनी घटना येऊन रेडिओ परत सतत जागा. म्हणजे गप्प राहण्यासाठी केलेली रचना, जुन्या रचनेपेक्षा जास्त वीज खाऊन मोकळी झाली, कारण आता प्रत्येक किमतीबरोबर पत्ताही पाठवत होती.

उपाय सगळ्यांना सुचतो तोच, पायाची किंमत (स्पर्श नसतानाची) हळूहळू मागोमाग सरकवत नेणं. पण तो जसाच्या तसा लावलात तर दुसरीकडून चावतो. कोणी बोट दाबून धरून ठेवलं तर पायाची किंमत त्या बोटापर्यंत चढते, आणि बोट तिथेच असताना पट्टी म्हणते काही नाही. जखम टाळण्याच्या पट्टीत ही चूक जीवघेणी ठरेल. म्हणून दोन वाटा ठेवा: एक बदलाला लगेच उत्तर देणारी, दुसरी दर काही सेकंदांनी प्रत्यक्ष किंमत वाचणारी, मर्केलसारखी. शिवाय पट्टीवर एक-दोन बिंदू कडक टोपीखाली झाकून ठेवा, ज्यांना कोणी स्पर्श करू शकत नाही. ते सरकले तर घाम किंवा तापमान समजा. आणि घटनांच्या संख्येला वरची मर्यादा चिपमध्येच घाला. सॉफ्टवेअरमध्ये घातली तर तोवर प्रोसेसर उठलेला असतो.

बिटांबद्दल दोन शब्द. १ पिकोफॅरडवर खोलीच्या तापमानाला औष्णिक गोंगाट ६४ मायक्रोव्होल्ट असतो. १ व्होल्टच्या पल्ल्यात १० बिटची एक पायरी जवळपास १ मिलिव्होल्टची. म्हणजे सर्किटच्या बाजूने तुम्ही निवांत आहात. पण तुमच्या रबराचा हिस्टेरिसिस काही टक्के असणारच. दाब चढताना आणि उतरताना एकाच वजनाला ५ टक्के वेगळं उत्तर येत असेल तर खरा दाब सांगण्यापुरते चार-पाच बिटच खरे, बाकीचे शोभेचे. बारीक बदल टिपायला जास्त बिट लागतात हे मान्य, पण ते चिपच्या आत वापरा. बाहेर पाठवताना सहा पुरे.

राहिला सबथ्रेशोल्डचा प्रश्न. जा, पण अख्ख्या चिपने जाऊ नका. तिथे करंट गेट व्होल्टेजवर घातांकाने चालतो. खोलीच्या तापमानाला दहापट फरकासाठी निदान ६० मिलिव्होल्ट लागतात, प्रत्यक्षात ७० ते ९०. दोन शेजारच्या ट्रान्झिस्टरच्या थ्रेशोल्डमध्ये ३० मिलिव्होल्टचा फरक असला, आणि लहान ट्रान्झिस्टरमध्ये तो असतो, तर करंट दुपटीहून जास्त वेगळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की गळती (ट्रान्झिस्टर बंद असतानाही वाहणारा करंट) ढोबळमानाने दुप्पट. अंगावरच्या कातडीचं तापमान ३२-३४ अंश, तेव्हा २५ अंशांवरचं सिम्युलेशन बघून खूश होऊ नका. बायस (ठरावीक करंट पुरवणारा भाग), संथ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारा), जागं करणारा टायमर हे तिथे छान चालतात. लॉजिक मात्र फार खाली नेलं की इतकं रेंगाळतं की काम संपेपर्यंतची गळतीच कामाच्या खर्चाहून मोठी होते. सगळ्यात कमी ऊर्जेचा बिंदू बहुधा ०.३ ते ०.५ व्होल्टच्या दरम्यान येतो, त्याच्या खाली उतरून फायदा नाही.

याच कारणाने नवीन, बारीक प्रोसेस (चिप बनवण्याचं तंत्र) घ्यायच्या मोहात पडू नका. तुमची चिप बहुतेक वेळ झोपलेली असणार. झोपेत खर्च गळतीचा, आणि त्यात जुनी १८० नॅनोमीटर अनेकदा सरस ठरते.

झोपेवरून आठवलं. आमची एक चिप सिम्युलेशनमध्ये झोपेत २ मायक्रोवॅट दाखवत होती, टेबलावर ४०. दोन आठवडे लेआउट उकरला, काही सापडेना. एका संध्याकाळी लक्षात आलं की मी बोर्डाजवळ हात नेला की मीटरवरचा आकडा हलतो. हात मागे घेतला की परत येतो. रेडिओ झोपल्यावर त्याचा एक पिन मोकळा सुटत होता. तो आमच्या इनपुट बफरला जोडलेला, आणि बफरचं इनपुट अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहिलं की त्यातले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतात. सप्लायपासून जमिनीपर्यंत सरळ वाट. एका मोठ्या रेझिस्टरने तो पिन खाली ओढला, प्रश्न संपला. सिम्युलेशनमध्ये तो पिन आम्हीच शून्याला बांधला होता, त्यामुळे तिथे हे कधी दिसणारच नव्हतं.

मोजण्याची एक पद्धत सांगते, कारण इतक्या कमी करंटला साधा मीटर स्वतःच व्होल्टेज खातो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरा, सप्लाय काढून घ्या, चिप त्यावर चालू द्या आणि व्होल्टेज किती वेगाने उतरतं ते बघा. १ मायक्रोअँपिअरला सेकंदाला १० मिलिव्होल्ट उतरतात. कपॅसिटरची स्वतःची गळती आधी चिप न जोडता मोजून वजा करा, नाहीतर तिलाच चिपचा खर्च समजाल. आणि व्होल्टेज एका उपकरणाने सतत मोजू नका, त्याचं इनपुटही ओढतं. मधूनमधून टेकवा.

शोधनिबंधांतल्या आकड्यांबद्दलही सावध राहा. ग्लासगो विद्यापीठात रविंदर दाहिया यांच्या गटाने २०१७ मध्ये ग्राफिनच्या त्वचेला चौरस सेंटिमीटरला २० नॅनोवॅट पुरतात असं दाखवलं, ते काम मोलाचंच आहे. पण असा कुठलाही आकडा आपल्या चिपशेजारी मांडण्याआधी त्यात रीडआउट, क्लॉक, रेडिओ यांपैकी काय धरलंय ते वाचा. ऊर्जा गोळा करण्याचंही तसंच: घरातल्या उजेडात छोट्या सौर पट्टीतून चौरस सेंटिमीटरला दहाच्या घरात मायक्रोवॅट मिळतात. १५ मिलिवॅटला त्याचा उपयोग नाही. १७० ला थोडा आहे. म्हणून तो विषय आत्ता काढूच नका.

तर क्रम असा ठेवा. आधी झोपेतला करंट मोजा, चिप आणि रेडिओ वेगवेगळे. मग स्कॅन ड्रायव्हर १.२ व्होल्टवर आणा. मग गठ्ठ्याने विचारणं आणि बदल पाठवणं, हे दोन्ही आधी तुमच्या सध्याच्याच चिपबरोबर मायक्रोकंट्रोलरमध्ये करून बघा, टेपआउटशिवाय, म्हणजे नवी चिप बनवायला न पाठवता. त्या पट्टीवर माणसाला अर्धा तास घाम येईपर्यंत चालवा आणि सेकंदाला किती घटना येतात ते नोंदवा. झोपेतला करंट, घटनांचा हा आकडा आणि तुम्हाला चालेल असा जास्तीत जास्त उशीर, हे तीन कळवलेत तर पुढच्या चिपमध्ये काय घालायचं आणि काय नाही ते नेमकं सांगता येईल. एडीसी तोपर्यंत आहे तसाच राहू द्या, चांगला केलाय.